लोणी, डालडा आणि मार्जरीन



या पानावर एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, ठिबकमधून द्यावयाची खते असे विषय येतात. या अंकात वाट थोडी वाकडी करीत आहे, त्याला कारण घडले. गेल्या गळीत हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासदांना, वय पन्नाशीच्या आत, छातीत दुखू लागले म्हणून पुण्याला न्यावे लागले. रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवून आठवड्याभरात ते घरी आले. भेटायला गेलो तर उसाला तोड कधी मिळणार हे विचारायच्या आधी त्यांनी विचारले, "साहेब, डॉक्टरांनी लोणी-तूप कमी करायला सांगितलंय. पाहुणे म्हणतात मार्जरीन लावा, त्यात कोलेस्टेरॉलच नसतं. मग खरं चांगलं काय हो?" पुढे शिरूरकडच्या आणि दौंडकडच्या मेळाव्यांतही हाच प्रश्न निघाला, आणि विशेष म्हणजे तो भगिनींनी काढला. मेळाव्यात पाच मिनिटांत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही. म्हणून जे वाचले, तपासले, ते येथे सविस्तर देत आहे.

मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य लिहून दिले आहे त्यांनी ते पथ्यच पाळावे. पण लोणी गोठ्यातून येते, तेल शेतातून येते, आणि मार्जरीन कारखान्यातून येते. या तिन्ही ठिकाणांशी आपला रोजचा संबंध आहे, तेव्हा हा विषय अगदीच आपल्या बाहेरचा म्हणता येणार नाही.

मार्जरीन आले कोठून

मार्जरीनचा जन्म फ्रान्समधला. तेथील बादशहा तिसरा नेपोलियन याला सैनिकांसाठी आणि गरीब लोकांसाठी लोण्यासारखा पण स्वस्त आणि टिकाऊ पदार्थ हवा होता. त्याने बक्षीस लावले आणि १८६९ साली मेज-मुरिये नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने असा पदार्थ तयार केला. त्यात जनावराची चरबी आणि दूध होते. म्हणजे सुरुवातीचे मार्जरीन शाकाहारी नव्हते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे हॉलंडमधील लोण्याच्या व्यापाऱ्यांनी हा धंदा उचलला.

खरा फरक पडला तो १९०२ साली. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन शास्त्रज्ञाने पातळ तेल घट्ट करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. तापवलेल्या तेलात निकेल धातूची बारीक भुकटी टाकून त्यातून हायड्रोजन वायू सोडला की तेल तुपासारखे गोठते. स्वस्त तेलाचे महाग तुपासारखे रूप करण्याची ही किल्ली सापडल्यावर जनावराच्या चरबीची गरज उरली नाही.

हीच रीत आपल्याकडे आली ती डालड्याच्या रूपाने. आधी हॉलंडहून वनस्पती तूप आयात होत असे. लिव्हर कंपनीने १९३०च्या दशकात मुंबईला शिवडी येथे कारखाना उभा केला आणि १९३७ साली डालडा हे नाव बाजारात आणले. पिवळ्या डब्यावर हिरवे ताडाचे झाड, ही खूण वाचता न येणाऱ्यालाही कळत असे. नाव इतके रुळले की कोणत्याही कंपनीचे वनस्पती तूप असो, आपल्या आयाबाया त्याला डालडाच म्हणत. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागायची किंवा ज्वारी मोजायला तो उपयोगी पडायचा. लग्नाची बुंदी, सप्ताहाची पंगत, दिवाळीच्या करंज्या, सगळे त्यातच होत असे, कारण पंगतीला साजूक तूप परवडणार कोणाला?

विरोधही तेव्हापासूनचा आहे. स्वातंत्र्याच्या आधीच गांधीजींनी वनस्पतीवर कडक टीका केली होती, मुख्यतः ते तुपात मिसळून तूप म्हणून विकले जाते म्हणून. वनस्पतीला रंग घालावा म्हणजे भेसळ उघडी पडेल, अशी मागणी पुष्कळ वर्षे चालू होती. शेवटी रंगाऐवजी वनस्पतीत थोडे तिळाचे तेल मिसळण्याचा नियम झाला. गंमत अशी, की तिळाचे तेल ओळखायला लागतात दोन वस्तू, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर. संशयित तूप पातळ करून त्यात हे दोन घालून हलवले आणि थोड्या वेळाने तळाच्या आम्लाला लालसर गुलाबी रंग आला, तर त्यात तिळाचे तेल आहे, म्हणजेच वनस्पती मिसळलेले असण्याचा संभव आहे. आपल्या साखरेचा हा एक उपयोग सभासदांनी ऐकलेला नसेल! घरी मात्र हा प्रयोग करू नये. ते आम्ल अंगावर उडाले तर कातडी जाळते. शिवाय भेसळ करणाऱ्याने तिळाचे तेल नसलेली दुसरी चरबी वापरली असेल तर रंग येतच नाही, आणि तूप शुद्ध आहे असा खोटा भरवसा मिळतो. प्रयोगशाळेत याहून पक्की परीक्षा होते. दुधाच्या स्निग्धात ब्युटिरिक नावाचे एक आम्ल असते, लोण्याला जो वास येतो त्याचे एक कारण ते. वनस्पती तेलात ते जवळजवळ नसते, आणि त्याच्या प्रमाणावरून तूप किती खरे ते कळते.

मोळी सरळ उसाची की लोळलेल्या उसाची

आता मुख्य मुद्दा. लोणी घट्ट का आणि तेल पातळ का? पुस्तकात याला संपृक्त आणि असंपृक्त असे शब्द आहेत. ते ऐकले की मेळाव्यात लोक जांभया देऊ लागतात. म्हणून आपल्या फडातले उदाहरण घेऊ.

सरळ वाढलेल्या उसाची मोळी कशी घट्ट बसते, आणि ट्रॉलीत माल किती जास्त मावतो! तेच वाऱ्याने लोळलेला, वाकडातिकडा ऊस भरा. कितीही दाबा, मोळी पोकळच राहते. स्निग्ध पदार्थाचे कण म्हणजे असेच लांब कांडके आहेत, कार्बनच्या पेरांचे. संपृक्त स्निग्धाचे कांडके सरळ असतात, ते एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून तूप थंडीत घट्ट होते. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलातील बहुतेक कांडकी मध्येच वाकलेली असतात, नीट रचली जात नाहीत, म्हणून तेल पातळ राहते.

हायड्रोजन सोडून तेल घट्ट करतात तेव्हा यातील काही वाकडी कांडकी पूर्ण संपृक्त होऊन सरळ होतात. पण प्रक्रिया अर्धवट थांबवली, आणि वनस्पती मऊ राहावे म्हणून ती अर्धवटच थांबवत, तर काही कांडकी विचित्र होतात. आतून ती असंपृक्तच राहतात, पण त्यांचा वाक पिळून सरळ केलेला असतो. यालाच ट्रान्स फॅट म्हणतात. गाई-म्हशीच्या पोटातील जंतूही थोडे ट्रान्स फॅट तयार करतात, त्यामुळे लोण्यात ते शेकडा दोन ते पाच भाग सापडते. पण जुन्या वनस्पतीत त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असे. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २००९ साली बाजारातील वनस्पतीचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत शेकडा सुमारे ९ ते २३ भाग ट्रान्स फॅट निघाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला साधारण २ ग्रॅमहून जास्त ट्रान्स फॅट जाऊ नये. शेकडा २० भागांचे वनस्पती धरले तर दोन चहाचे चमचे म्हणजे १० ग्रॅम पोटात गेले की ही मर्यादा भरली. दिवाळीच्या चार दिवसांत आपण काय करीत होतो ते यावरून ध्यानात यावे.

शास्त्रज्ञांना हे उशिरा का कळले

अमेरिकेत फ्रेड कुमेरो नावाचे प्राध्यापक होते. हृदयविकाराने गेलेल्या माणसांच्या शरीरात त्यांना ट्रान्स फॅट साठलेले दिसले आणि त्यांनी ते १९५७ सालीच छापले. पण त्या काळात सगळ्यांचे बोट लोणी, तूप आणि अंडी यांच्याकडे होते. संपृक्त स्निग्धाने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते हे प्रयोगांत दिसत होते आणि ते आजही खरे आहे. त्यावरून सोपा सल्ला निघाला की लोणी सोडा, मार्जरीन घ्या. मार्जरीन वनस्पतीचे, त्यात कोलेस्टेरॉल शून्य. डब्यावर तसे छापलेही जाई.

यात एक मेख होती. रक्तातील कोलेस्टेरॉल फक्त खाल्लेल्या कोलेस्टेरॉलने वाढत नाही. त्यातील बराच भाग आपले यकृतच तयार करते, आणि कोणते स्निग्ध पोटात गेले यावर ते कमी-जास्त होते. त्यातही वाहिनीत थर बसवणारे एक आणि तो थर वाहून नेणारे एक, असे दोन प्रकार आहेत. हॉलंडमधील मेन्सिंक आणि काटान या दोघांनी १९९० साली प्रयोग करून दाखवले, की ट्रान्स फॅटने वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि शिवाय चांगले कमी होते. दुहेरी नुकसान. संपृक्त स्निग्ध वाईट वाढवते, पण चांगले असे कमी करीत नाही. तीन वर्षांनी, १९९३ साली, अमेरिकेत सुमारे ८५ हजार परिचारिकांचा आठ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त ट्रान्स फॅट खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या दीडपट दिसला. ज्या मार्जरीनकडे लोक हृदय सांभाळायचे म्हणून वळले होते, तेच त्या यादीत पुढे होते.

डेन्मार्कने २००३ साली कायदा करून कारखान्यातील ट्रान्स फॅट एकूण स्निग्धाच्या २ टक्क्यांवर आणले, असा कायदा करणारा तो पहिला देश. प्रा. कुमेरो यांनी २००९ साली, वय ९४, अमेरिकन सरकारकडे बंदीचा अर्ज केला आणि दाद लागेना म्हणून पुढे खटलाही भरला. अखेर २०१५ साली तेथे निर्णय झाला. आपल्या देशात मर्यादा आधी १० टक्के, मग ५, जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के अशी खाली आली. म्हणजे आज कायद्याप्रमाणे बनवलेले वनस्पती किंवा मार्जरीन हे आपल्या आईच्या काळातील डालडा राहिलेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

येथे साखर कारखान्याच्या पत्रिकेत एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. आपण साखर पिकवतो म्हणून ती झाकून ठेवणे बरे दिसणार नाही. १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठातील तीन शास्त्रज्ञांनी हृदयविकाराच्या कारणांचा आढावा लिहिला. त्यात साखरेवरचा संशय हलका केला आणि सगळा भार स्निग्धावर टाकला. २०१६ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी जुने कागद शोधून उघड केले, की या आढाव्यासाठी अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संस्थेने सुमारे साडेसहा हजार डॉलर दिले होते आणि त्या वेळच्या लेखात याचा उल्लेखही केला नव्हता. तेव्हा लोण्याला जेवढे बदनाम केले गेले त्यातला काही वाटा आपल्याच धंद्याच्या परदेशी भाऊबंदांचा आहे. याचा अर्थ लोणी निर्दोष ठरले असा नाही. पण तूप बंद करून चहात तीन चमचे साखर घालणाऱ्याने आपण पथ्य पाळतो असे समजू नये. वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. गूळही त्यातच मोजायचा. केडगावकडच्या गुऱ्हाळवाल्यांनी रागावू नये.

मग दोन्हींत चांगले कोणते

पाहुण्यांनी सांगितलेले अगदी चूक नाही, पण ते दुसऱ्या देशातले उत्तर आहे. मार्जरीन हे एका पदार्थाचे नाव नव्हे. को ८६०३२ हाही ऊस आणि फुले २६५ हाही ऊसच. पण जात, जमीन, तोडीचे वय विचारल्याशिवाय उताऱ्याबद्दल कोणी बोलेल काय? तसेच हे आहे. युरोप-अमेरिकेत चमच्याने काढता येईल असे मऊ मार्जरीन डबीत मिळते. ते बहुतांशी पातळ तेलाचे असते, त्यात ट्रान्स फॅट आता जवळजवळ नसते आणि संपृक्त स्निग्ध लोण्याहून पुष्कळ कमी असते. तेथील डॉक्टर लोण्याऐवजी ते घ्या म्हणतात, तेव्हा ते योग्यच आहे.

आपल्या शिरूर-दौंडच्या बाजारात मार्जरीन डबीने फारसे येत नाही. ते येते बेकरीच्या मागल्या दाराने, खोक्यातून, घट्ट ठोकळ्यांच्या रूपात. खारीचे पापुद्रे, पफ, नानकटाई, केकवरचे क्रीम यांत ते असते. चहात बुडवून खायच्या 'बटर'मध्ये नावापुरतेही बटर असेलच असे नाही. हे बेकरीचे मार्जरीन घट्ट लागते, नाहीतर पापुद्रे सुटत नाहीत. ट्रान्स फॅट काढून टाकल्यावर ही घट्टाई आणायची कोठून? मुख्यतः पामतेलातून. पामतेलात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त स्निग्ध आहे, आणि लोण्याचेही तेच, १०० ग्रॅम लोण्यात सुमारे ५० ग्रॅम. म्हणजे ज्या भीतीने लोणी सोडले तीच वस्तू खारीतून परत घरात आली, वर मैदा आणि साखर घेऊन.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. जुने अर्धवट घट्ट केलेले वनस्पती आणि घरचे लोणी यांत लोणी निश्चित बरे. मऊ, तेलाचे मार्जरीन आणि लोणी यांत रोज आणि जास्त खाणाऱ्याला ते मार्जरीन बरे. आणि आपल्या गावात जे बेकरीचे मार्जरीन मिळते त्यात आणि लोण्यात निवड करायची तर लोणीच घ्यावे, पण मोजून.

मोजून म्हणजे किती? दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाने संपृक्त स्निग्ध २२ ग्रॅमच्या आत ठेवावे असा ठोकताळा आहे. चहाचा एक चमचा तूप म्हणजे ५ ग्रॅम, त्यात संपृक्त भाग सुमारे ३ ग्रॅम. तेवढेच लोणी घेतले तर अडीच ग्रॅम, कारण लोण्यात पाणी असते. म्हशीच्या दुधाचा एक पेला, साय न काढता, यात सुमारे १३ ग्रॅम स्निग्ध आणि त्यातील ८ ग्रॅम संपृक्त. म्हणजे तुपाचे जवळजवळ तीन चमचे दुधातूनच पोटात गेले. हे धरून मोठ्या माणसाने दिवसाला एक ते दोन चमचे तूप किंवा लोणी खाल्ले तर घाबरण्याचे कारण नाही. दोन वर्षांखालील मुलांचे दूध-तूप मात्र या हिशेबाने तोडू नये. त्यांच्या वाढीला स्निग्ध लागते.

"आमचे आजोबा वाटीभर तूप प्यायचे, नव्वद वर्षे जगले," असे प्रत्येक मेळाव्यात एकजण तरी म्हणतो. ते खरेही असेल. पण आजोबा मोट हाकत होते, चार मैल चालत जाऊन बाजार करीत होते, आणि तूप त्यांना सणावारी मिळत होते. आपण मोटार मोबाईलवरून चालू करतो, बांधापर्यंत दुचाकीने जातो आणि ऊस तोडायला टोळी येते. वाटीभर तूप पचवण्याचे काम आता फडात टोळीवालाच करतो, आणि त्याच्या भाकरीवर ते नसते.

दूध डेअरीला, चरबी दुकानातून

मला सर्वांत खटकते ते निराळेच. आपल्या दोन्ही तालुक्यांत उसाच्या जोडीला गाई नाहीत असे घर विरळा. भीमा, घोड आणि कालव्याच्या पाण्यावर वाढलेला चारा खाऊन गाय दूध देते. पहाटे सगळे दूध केंद्रावर जाते, साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला काय भाव बसला ते पाहिले जाते, आणि घरात चहापुरते उरते. कर्ज, पशुखाद्य, मुलांची फी, कारणे खरी आहेत. पण तेच घर संध्याकाळी खारीचा पुडा आणि पिशवीतले पामतेल विकत आणते. फॅट विकायचे चांगले आणि विकत घ्यायचे हलके, असा हा व्यवहार झाला.

हिशेब करून पाहू. गाईच्या एक लिटर दुधात साडेतीन फॅटप्रमाणे ३५ ग्रॅम स्निग्ध असते. विरजून, घुसळून, कढवून थोडे वाया गेले तरी २५ ग्रॅमच्या आसपास तूप हाती लागते. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाला रोज एक चमचा तूप यातून मिळते. शिवाय ताक उरते, आणि ताकात दुधातले प्रथिन व चुना बहुतांश तसेच राहतात. सगळे दूध घरी ठेवा असे कोण म्हणतो? पंधरा-वीस लिटर केंद्रावर घालणाऱ्या घराने एक लिटर मागे ठेवावे एवढेच. गोठ्यात काम करणाऱ्या आपल्या भगिनींच्या ताटात ते तूप पडते का, हेही पाहावे. दूध काढते ती, आणि भाकरी कोरडी खाते ती.

रोजच्या फोडणीला काय

लोणी की मार्जरीन या वादात खरी निवड बाजूला राहते, ती पातळ तेलाची. घट्ट स्निग्धाच्या जागी पातळ तेल आले की वाईट कोलेस्टेरॉल उतरते, याबद्दल आज बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे. आपल्या भागाचे जुने तेल शेंगदाण्याचे आणि करडईचे. कालवा येण्याआधी कोरडवाहू ज्वारीत करडईचे पट्टे असत. आता ऊस आला आणि करडई गेली. देश आज निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो, त्यात पामतेल सर्वांत जास्त.

करडईच्या तेलात संपृक्त भाग फार कमी, म्हणून ते हृदयाला उत्तम असे सांगत. त्यातही अतिरेक नको. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. निम्म्यांना लोण्याऐवजी करडईचे तेल आणि करडईचे मार्जरीन दिले. २०१३ साली जुनी आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा करडईच्या गटात मृत्यू जास्त निघाले. त्यात मार्जरीन होते, आणि करडईचे प्रमाणही भारी होते, त्यामुळे यावरून करडई वाईट ठरत नाही. पण एकाच तेलावर सगळा संसार टाकू नये एवढे यातून घ्यावे. एक महिना शेंगदाणा, एक महिना करडई किंवा सोयाबीन, असे आलटून पालटून वापरावे. तळलेल्या कढईतील काळपट तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. हॉटेलातील वड्याची कढई रंगावरूनच ओळखावी आणि पुढे निघावे.

पुडा घेताना मागची बारीक अक्षरे वाचावीत. वनस्पती, मार्जरीन, बेकरी शॉर्टनिंग, हायड्रोजनेटेड तेल, हे सगळे एकाच घराण्याचे शब्द आहेत. सुट्या मालाला चिठ्ठी नसते, तेव्हा गावच्या बेकरीवाल्याला सरळ विचारावे की खोका कोणता वापरता. नेहमीचे गिऱ्हाईक असाल तर तो सांगेल.

आता प्रमाणाचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१० सालच्या तक्त्यात वरून घेतलेले स्निग्ध, म्हणजे तेल, तूप, लोणी सगळे मिळून, बैठ्या कामाच्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम, मध्यम कष्टाच्याला ३० आणि भारी कष्टाच्याला ४० दिले आहे. स्त्रियांना अनुक्रमे २०, २५ आणि ३०. पाच माणसांच्या घराला सरासरी २५ धरले तर दिवसाला १२५ ग्रॅम, महिन्याला पावणेचार किलो. त्यात पाऊण किलो घरचे तूप धरले तर तेलाला तीन किलो उरतात, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास. तूप-लोणी अजिबात नसेल तर पंधरा किलोचा डबा पाच माणसांना चार महिने जावा. डब्यावर किलो आहे की लिटर तेही पाहावे, कारण पंधरा लिटर तेल भरते साधारण साडेतेरा किलो. पुढचा डबा फोडाल त्या दिवशी झाकणावर खडूने नव्हे, पेनाने तारीख लिहा, आणि तळ दिसेल त्या दिवशी दुसरी तारीख तिच्याखाली लिहा. दोन महिन्यांतच तळ लागला असेल तर पुढच्या गट मेळाव्यात ते झाकण घेऊन यावे, हिशेब एकत्र बसून करू.